सोफा भिंतीला चिकटलेला, एका बाजूला बाल्कनी, दुसरीकडे डायनिंग. सराउंड लावू कुठे?

दिवाणखाना_११बाय१८

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

वाकडला २बीएचके आहे. हॉल आणि डायनिंग मिळून ११ बाय १८ फूट. टीव्ही १८ फुटी भिंतीवर आणि समोरच्या भिंतीला टेकून तीन सीटर सोफा. सोफ्यावर बसलं की डाव्या हाताला बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा, उजव्या हाताला भिंतच नाही, डायनिंग टेबल आणि पुढे किचन. एव्हीआर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अॅम्प्लिफायर), पुढचे दोन बुकशेल्फ स्पीकर, संवादाचा मधला सेंटर आणि जड आवाजाचा सबवूफर घेऊन झालंय (दिवाळीचा बोनस त्यातच गेला), राहिले फक्त सराउंड, म्हणजे सिनेमातला आजूबाजूचा आवाज देणारी जोडी. जोडीला १५ हजारांपर्यंत जाऊ शकतो.

दुकानदार म्हणाला मागच्या भिंतीवर छताला लागून एकेका टोकाला लावून टाका, खाली तोंड करून, आम्ही सगळीकडे असंच लावतो. मेव्हणा म्हणतो फॉल्स सीलिंग करणारच आहेस तर सीलिंगमध्येच टाक, कटकट नको. आई म्हणते काय वाट्टेल ते कर पण देवघराच्या भिंतीला भोक पाडायचं नाही, आणि देवघर नेमकं सोफ्याच्याच भिंतीवर आहे, डायनिंगच्या अंगाला. त्यात एका व्हिडिओत बायपोल, डायपोल असं काय काय ऐकलं, डोकं भंजाळलं.

अजून एक. मित्राकडून त्याची जुनी जोडी आणून सोफ्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर ठेवून बघितली तर मागून जवळपास काही येतच नाही, कान लावला तर बारीक कुजबुज. स्पीकर गेलेत की असंच असतं? असंच असेल तर १५ हजार कशाला घालवू?

जुनी_कॅसेट

आधी शेवटच्या प्रश्नाचं. स्पीकर बहुतेक ठणठणीत असणार. टीव्हीतलेच अॅप वापरत असाल आणि तिथून एआरसीने (टीव्हीचा आवाज उलटा एव्हीआरकडे नेणारी एचडीएमआय जोडणी) आवाज एव्हीआरला जात असेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर आहे का ते बघा. असेल तर टीव्ही ५.१ चं (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) दोन चॅनलचं करून पाठवतो आणि एव्हीआर बिचारा त्यातूनच काहीतरी ओढूनताणून मागे देतो, तीच तुमची कुजबुज. ते 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करा. मग एव्हीआरच्या डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल प्लस वगैरे दिसायला पाहिजे, नुसतं पीसीएम नाही. आणि जोडणी ऑप्टिकल वायरने केली असेल तर ती काढून एचडीएमआयने करा, ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल प्लस जातच नाही.

आता जागेचं. दुकानदाराचं ऐकू नका. तो वायर कुठून सोपी जाते ते बघतो, आवाज कुठून यायला पाहिजे ते नाही.

मधल्या सीटवर बसून टीव्हीच्या मध्याकडे बघा, ते झालं शून्य. बरोब्बर कानाच्या रेषेत ९०. पुढचे दोन ३०-३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० मध्ये, असं आयटीयूचं (दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संघटना) ५.१ साठीचं ठरलेलं माप आहे. डॉल्बीवाले घरच्या ५.१ ला ११० ते १२० सांगतात. म्हणजे सराउंड हा 'मागचा स्पीकर' नाहीच मुळी, तो बाजूचा स्पीकर आहे, कानापासून जरासा मागे सरकलेला. आपल्याकडे सगळे त्याला मागचा म्हणतात आणि मग तो मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. अगदी पाठीमागून येणारा आवाज कानाला नीट पकडता येत नाही, पुढून आला की मागून यात गोंधळ होतो. बाजूने जरा मागून आला की लगेच कळतं.

आणि म्हणून तुमची अडचण स्पीकरची नाहीये, सोफ्याची आहे. सोफा भिंतीला टेकलेला म्हणजे डोकं भिंतीपासून जेमतेम नऊ इंच. त्याच भिंतीवर स्पीकर लावला तर त्याचं तोंडही सात-आठ इंच पुढे येतं, म्हणजे तो कानाच्या रेषेतच, ९०-९२ वर. मागे जागाच नाही तर मागे नेणार कुठून? हिशोब सोपा आहे, मधल्या सीटपासून बाजूला ५ फुटांवर स्पीकर असेल तर ११० अंशांसाठी तो कानाच्या रेषेच्या पावणेदोन फुटांहून किंचित जास्त मागे पाहिजे. एवढं तुम्हाला मिळणार नाही, पण सोफा एकच फूट पुढे ओढलात तरी कान आणि स्पीकरमध्ये एका फुटाहून थोडा जास्त फरक पडतो आणि कोन १०३ च्या आसपास येतो. बास झालं. वर भिंतीला चिकटून बसल्यामुळे बेस जो घुमतो तोही कमी होईल, ते फुकटात.

घरात म्हणतील सोफ्यामागे धूळ साठते, झाडायला त्रास होतो. आमच्याकडेही म्हणाले. एक फूट अंतर असलं की झाडू उलट नीट जातो, चार इंचाच्या फटीतच जात नाही, हे करून दाखवा.

उंचीचं पण लिहितो. बसल्यावर कान साधारण सव्वातीन फुटांवर असतात. वर अॅटमॉसचे (डॉल्बीची डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत) स्पीकर लावणार नसाल तर सराउंड कानाच्या वर दीड-दोन फूट, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. ही उंची कशाला, तर सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्यासाठी. तो मधल्या सीटपासून अडीच फूट सरकून बसलाय असं धरा. जवळचा स्पीकर त्याच्यापासून अडीच फुटांवर, पलीकडचा साडेसात, तिप्पट फरक. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या मोठेपणाचं माप) उतरतो, त्या हिशोबाने त्याला जवळचा ९-१० डीबी मोठा ऐकू येणार. दोन फूट वर नेलात की तोच फरक साडेसात-आठवर येतो. खोलीत भिंतींचा परतावा असतो म्हणून प्रत्यक्षात इतकं जाणवत नाही, पण कानाच्या पातळीला लावलेल्या स्पीकरशेजारी बसून सिनेमा बघितलाय मी, पावसाच्या सीनमध्ये फक्त डाव्या कानात पाऊस पडतो.

नाशिककर_८८

मी थोडं उलटं सांगतो. आमच्याकडे सीलिंगमध्येच आहेत, चार वर्षं झाली, काही बिघडलं नाही. घर छान दिसतं, वायरी दिसत नाहीत, बायको खूश. सगळ्यांना लॅबसारखं मोजून बघायचं नसतं हो. पीओपीचं काम होणारच आहे तर आत्ताच करून टाका, नंतर फोडाफोडी परवडत नाही.

जुनी_कॅसेट

@नाशिककर_८८ बिघडत काहीच नाही, फक्त बाजूने जाणारी गाडी डोक्यावरून जाते. भिंत मिळतच नसेल तर सीलिंग हा मार्ग आहेच, मग निदान ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) तिरका वळवता येतो तसले घ्या आणि सीटच्या जरा मागे, बाजूला लावा, झुंबरासारखे डोक्यावर नको. पण यांना भिंत आहे. आणि पुढेमागे अॅटमॉस करायचं ठरलं तर ती सीलिंग तेव्हा लागेल. सराउंडच वर गेले की वरचा आणि बाजूचा आवाज एकाच ठिकाणाहून, मग उपयोग काय?

पीओपी करताय तर एक करा, चार ठिकाणी वायर टाकून, टोकं गुंडाळून आत ठेवून द्या आणि फोटो काढून ठेवा मोजपट्टीसकट. स्पीकर आज घ्या नाहीतर पाच वर्षांनी.

खालचा_सा

बायपोल-डायपोलचं कोणी सांगितलं नाही म्हणून.

दोन्हीत दोन बाजूंना तोंडं असतात. बायपोलमध्ये दोन्ही बाजूंचे पडदे (स्पीकरची हलणारी तबकडी) एकदम बाहेर येतात. डायपोलमध्ये एक बाहेर तेव्हा दुसरा आत, त्यामुळे बरोबर मधल्या रेषेत आवाज एकमेकांना मारतो आणि तो स्पीकर अशा रीतीने लावतात की ऐकणारा त्या मेलेल्या रेषेत बसेल. आवाज भिंतींवर आपटून येतो, कुठून येतोय ते कळत नाही. हे निघालं तेव्हा त्याला अर्थ होता. प्रो लॉजिकच्या (डॉल्बीची जुनी घरगुती सराउंड पद्धत) काळात, म्हणजे १९८७ नंतर, सराउंड चॅनल एकच असायचा, तोही ७ किलोहर्ट्झच्या वर कापलेला. दोन स्पीकर लावले तरी दोन्हीतून तेच. मग तो एकसुरी आवाज पसरवायला डायपोल. आता ५.१ मध्ये डावा वेगळा, उजवा वेगळा, दोन्ही पूर्ण पट्टीचे, मिक्स करणाऱ्याने मुद्दाम डावीकडे ठेवलेलं दार वाजलं तर ते डावीकडेच वाजायला पाहिजे ना.

शिवाय डायपोलला आपटायला दोन्ही बाजूंना भिंती लागतात. तुमच्याकडे एकीकडे काच आणि दुसरीकडे कढीपत्त्याची फोडणी. म्हणून साधे एकतोंडी बुकशेल्फ घ्या, शक्यतो पुढच्या स्पीकरच्याच सीरीजमधले छोटे, म्हणजे ट्वीटरचा पोत जुळतो. हेलिकॉप्टर पुढून मागे जाताना आवाज बदलला की लगेच खटकतं, तबलजी मधेच बदलल्यासारखं. सोफा अजिबात हलणार नाही असं घरात ठरलं तर मग बायपोलचा विचार करा, जवळ बसणाऱ्याच्या कानात तो कमी टोचतो.

बाल्कनीच्या काचेला जाड पडदा लावा आणि बघताना ओढून घ्या. नाहीतर डाव्या स्पीकरचा आवाज काचेवरून इतका चकचकीत परत येतो की तुम्हाला वाटेल उजवा बिघडलाय.

भोकपाड्या

मी हेच काम करतो, पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये, त्यामुळे आवाजाचं या दोघांचं ऐका आणि भिंतीचं माझं ऐका.

बिल्डिंग नवीन असेल तर आधी भिंत कसली ते बघा. तुमच्याकडच्या नव्या टॉवरमध्ये बरेचदा मिवानच्या भिंती असतात, म्हणजे पूर्ण काँक्रीट. तिथे घरातलं साधं ड्रिल नुसतं किंचाळतं, भोक अर्धा इंचही जात नाही आणि खालपासून वरपर्यंतचे शेजारी येऊन विचारतात काय चाललंय. हॅमर ड्रिल लागतं, पण एकदा फिशर (स्क्रूचा प्लग) बसला की हत्ती लटकवा. उलट एएसी ब्लॉकची (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटा) असेल तर भोक लोण्यासारखं पडतं आणि तीच भानगड, छोटा प्लग काही महिन्यांत सैल होतो. चार-पाच किलोचा स्पीकर ब्रॅकेटवर पुढे लोंबत असतो, सगळा जोर वरच्या स्क्रूवर येतो. ब्लॉकला लांब आणि ब्लॉकसाठीचाच अँकर मागा. ओळखायचं कसं, तर जुन्या भोकातून पडलेली भुकटी बघा, एएसीची हलकी, पांढरट राखाडी, पिठासारखी. काँक्रीटमध्ये खडीचा चुरा येतो.

स्पीकर घेताना मागच्या बाजूला पोर्ट म्हणजे गोल भोक आहे का बघा. असला स्पीकर भिंतीला चिकटवला की तोंड दाबल्यासारखा वाजतो. भिंतीवर लावायचे तर पोर्ट पुढे असलेला किंवा बंद पेटीचा घ्या.

वायरीत लोक उगाच पैसे घालवतात आणि नको तिथे वाचवतात. १.५ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची दोन कोअर वायर १० मीटरपर्यंत काही एक फरक पाडत नाही, जाता-येता मिळून पाव ओहमच्या आसपास रेझिस्टन्स होतो, आठ ओहमच्या स्पीकरला ते काहीच नाही. पण बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास 'प्युअर कॉपर' म्हणून विकतात. एक तार घ्या, ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली की परत द्या. आणि केसिंग पट्टीतून नेणार असाल तर लाइटच्या वायरीबरोबर एकाच पट्टीत कोंबू नका.

वायरलेसचं कोणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगतो, वायरलेस म्हणजे सिग्नलची वायर नाही, करंटची लागतेच. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना प्लग आहेत का ते बघून मग पैसे टाका. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाकडे वायरलेस सराउंडसाठी दोन एक्स्टेन्शन बोर्ड हॉलभर फिरवून आलोय.

दिवाणखाना_११बाय१८

अरे बाप रे, एवढं सगळं. मनापासून धन्यवाद.

पहिलं म्हणजे टीव्ही खरंच पीसीएमवर होता! ऑटो केलं आणि एव्हीआरवर डॉल्बी दिसायला लागलं. मित्राचे स्पीकर जिवंत झाले, मी दोन महिने त्याला शिव्या देत होतो.

@जुनी_कॅसेट काका, शनिवारी तुमचं ऐकून भोक पाडायच्या आधी प्रयोग केला. पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, मधल्या सीटवर उशी ठेवून त्यावर तो धरला आणि सुतळी ताणून बायकोला उभं केलं स्पीकर म्हणून. सोफा भिंतीला असताना सुतळी ९२ वर. एक फूट ओढल्यावर १०३ ला आली. तुमचा आकडा बरोबर निघाला, मला कौतुक वाटलं. मग डावा स्पीकर शिडीच्या वरच्या पायरीवर आणि उजवा स्टुलावर दोन पत्र्याचे डबे रचून त्यावर. ज्वारीचा खाली, तांदळाचा वर. पाच फूट बरोबर आले.

फरक कळतो राव. आधी खुर्च्यांवर ठेवले होते तेव्हा स्पीकर कुठेय ते डोळे मिटून सांगता येत होतं. आता पाऊस हॉलमध्ये पडतो, स्पीकरमध्ये नाही. पण एक गडबड आहे, मधल्या सीटवर आवाज पोकळ वाटतो, गर्दीचा आवाज डोक्याच्या आत आल्यासारखा आणि उजवीकडे सरकलं की ठीक. हे काय?

खालचा_सा

एका स्पीकरचं लाल-काळं उलट लागलंय, पैज.

वायरी एव्हीआरमधून काढ, एक साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घे, सेलचा प्लस लाल वायरीला आणि मायनस काळ्या वायरीला क्षणभर टेकव. जाळी काढून बघ, पडदा बाहेर यायला पाहिजे. आत गेला तर तिथेच उलटं आहे. ट्वीटरकडे बघू नकोस, मोठ्या पडद्याकडे बघ. नुसतं टेकवायचं, धरून ठेवायचं नाही.

जुनी_कॅसेट

बरोबर, तेच असणार. ते झालं की एव्हीआरचा माइक लावून कॅलिब्रेशन करा, म्हणजे यंत्र स्वतःच अंतरं आणि आवाज मोजून जुळवून घेतं. पंखा बंद, फ्रीजचा आवाज थांबेपर्यंत थांबा आणि किचनमध्ये सांगून ठेवा की दहा मिनिटं कुकर नको. माइक हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीलाही टेकवू नका, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला. मशीनने पहिल्या जागेवरून अंतरं मोजलेली असतात, म्हणून पहिली जागा मधलीच.

संपल्यावर मेनूत जाऊन दोन गोष्टी स्वतः बघायच्या. अंतर टेपने मोजलेल्याच्या जवळपास आहे का, एका फुटाला साधारण ०.९ मिलिसेकंद धरून ते यंत्र उशीर लावतं, त्यामुळे एखादा स्पीकर तीन-चार फुटांनी चुकला तर कळतं. सबवूफरचं अंतर मात्र जास्त दाखवेल, ते तसंच राहू द्या, त्याच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो. दुसरं, कोणताही स्पीकर 'लार्ज' आला असेल तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. पाच इंची पडद्याकडून हत्तीची पावलं वाजवून घ्यायची नसतात, त्यासाठी सब आहे. एवढं करूनही सराउंड हळू वाटले तर एक-दोन डीबी वाढवलेत म्हणून कोणी पोलिसात देणार नाही, पण पाच-सहा वाढवावे लागत असतील तर कुठेतरी चुकलंय.

आणि सराउंडमधून सतत आवाज यायला पाहिजे ही अपेक्षा सोडा. दोन माणसं खोलीत बोलतायत अशा सीनला ते जवळजवळ गप्पच असतात.

दिवाणखाना_११बाय१८

पैज जिंकलात. डाव्याचं उलटं होतं. सेल टेकवला तर पडदा आत गेला, पोराला इतकं आवडलं की त्याने अजून चार वेळा करायला लावलं.

काल भोकपाड्या दादा स्वतः येऊन गेले (मेसेज करून बोलावलं). भिंत मिवानचीच. आईला आधी भिंतीवर टेप लावून दाखवलं की भोक देवघरापासून चांगलं चार फूट लांब आहे. ती म्हणाली आज एकादशी आहे, उद्या पाड. म्हणून काल. नवीन जोडी १३ हजार ४०० ला पडली, पुढच्यांच्याच सीरीजमधली, पोर्ट पुढे. तोंड मधल्या सीटकडे जरासं वळवलंय. ज्वारीचा डबा परत किचनमध्ये गेला.

नाशिककर_८८

अभिनंदन भावा. खरं सांग, सोफा अजून एक फूट पुढेच आहे का?

दिवाणखाना_११बाय१८

पाहुणे यायचे असले की आई भिंतीला लावते. मी फरशीवर पायांपाशी काळ्या टेपच्या चार खुणा करून ठेवल्यात, पाहुणे गेले की पोरगा न सांगता ओढून आणतो.